नव्या गड्याला पाडू नये

पूर्णा
ता. २ एप्रिल १९७८

चि. वीरू यास कल्याणदादाचे आशीर्वाद. नागुबाईस व लेकरांस सांगणे.

अभिनंदन, शहाण्या! सेलूचा तो नवा मास्तर तू दुसऱ्याच कार्डात पाडलास. आज त्याचं पत्र आलं: "आपला खेळ उत्तम आहे, परंतु मला वेळ होणार नाही." म्हणे वेळ होणार नाही! महिन्याभरापूर्वी हाच माणूस तिकीट काढून पूर्णेला आला होता आणि माझ्यासमोर बसून खेळ समजून घेऊन गेला होता.

तुला ठाऊकच आहे, हा खेळ मी विमानदलातून आणला. पंधरा वर्षं इंजिनांखाली पाठीवर पडून काढली, वर जायला एकदाही मिळालं नाही, म्हणून आम्ही फिटर लोक बराकीत चौकटीच्या कागदावर विमानं उडवायचो. इथं लोको शेडमध्ये लागल्यावर वाटलं, जिल्ह्यातल्या चार माणसांना पोस्टानं खेळवावं. पंधरा दिवसाला एक कार्ड टाकायचं, किती चौकटी पुढं जाणार, कुठं वळणार, गोळी झाडणार की नाही. मी सगळी कार्डं एकदम समोर मांडतो, चौकटींवर विमानं हलवतो आणि तो नकाशा सगळ्यांना पाठवतो. तुझ्या नाकासमोर तीन चौकटींच्या आत जो सापडला तो पडला, पुढचा डाव सुरू होईपर्यंत बाहेर. यात अवघड काय आहे? तरी दोन वर्षांत एकवीस नवे आले अन् वीस गेले. काल वही काढून बसलो. वीसपैकी तेरा तू पाडलेस, तेही तिसऱ्या कार्डाच्या आत.

दोष माझाही आहे. नकाशाच्या आठ प्रती मी कार्बन लावून काढतो. यादीत खाली नाव असलेल्याला शेवटची प्रत जाते, म्हणजे नव्याला. परवा ती प्रत मी स्वतः वाचायला घेतली. दिसत नाही रे काही! समोर कोण आहे हेच त्या बिचाऱ्यांना कळत नव्हतं आणि आपण म्हणत होतो की यांना डोकं नाही. मला फार लाज वाटली.

तेव्हा नवा नियम. पहिली चार कार्डं नव्या गड्याला कोणी पाडायचं नाही. सगळ्यात ठसठशीत प्रत त्याला. आणि प्रत्येक नव्याला एक जुना पत्रानं शिकवील. तुझ्या वाट्याला पेडगावचा बन्सीधर पेडगावकर. रेल्वेत गँगमन आहे, मॅट्रिक झालेला, वय चोवीस. उरलेला एकमेव नवा हाच. हा टिकला तर पुढं आणखी येतील. हाही गेला तर मी खेळ बंद करतो, थट्टा नाही.

तुझा
कल्याणदादा


जिंतूर
ता. ९ एप्रिल १९७८

ती. कल्याणदादास शरणार्थ.

आता मीच वाईट का! दादा, हा खेळ लढाईचा हाय का हळदीकुंकवाचा? समोर आला त्याला सोडून द्यायचं तर मंग गोळी ठेवली कशाला? तुमचं पत्र दुकानात मोठ्यानं वाचलं. दिनकरराव पोट धरून हसायलेत. म्हणतेत, पुढल्या डावाला नव्यायला दुधाची बाटलीबी धाडा म्हणावं. तेबी आपल्या खेळातले जुने गडी, रोज दुपारी माझ्या गादीवर येऊन बसतेत, कापड घेतेत कमी अन् चहा पितेत लय.

पण तुमी म्हणलात ते मनाला लागलं. खरं सांगू का, पैल्या डावात मीबी पैल्याच कार्डात पडलो होतो. तवा नकाशा नागुबाईपासून लपवून ठेवला होता, ती हसंल म्हणून. तुमी मावसभाऊ न्हाई राहता तर मीबी सोडलंच असतं.

घेतो त्याचा जिम्मा. पण पेडगावकर म्हणजे कोन? देशपांडे-बिशपांडे का आपल्यातले, लिंगायत? नुसतं गावाच्या नावावरून काय कळंना.

तुमचा
वीरुपाक्ष


पेडगाव
ता. ३० एप्रिल १९७८

आदरणीय वीरुपाक्षअप्पा यांना सप्रेम नमस्कार.

आपले पत्र मिळाले. माझ्यासारख्याला शिकविण्यासाठी आपण तीन पाने लिहिली, याचे फार आश्चर्य वाटले. आपण लिहिल्याप्रमाणे आगपेटीच्या काड्या मांडून विमाने फिरवून पाहतो. आई म्हणते, एवढा शिकला अन् काड्या खेळायलाय.

एक शंका आहे. मी दोन कार्डं सरळच गेलो, तरी कोणी मारले नाही. नियमामुळे सोडले की मी चुकून वाचलो, हे कसे ओळखावे? कारण पाचव्या कार्डाला मला खरंच मारतील.

आपला
बन्सीधर


जिंतूर
ता. ११ मे १९७८

रा. रा. बन्सीधर पेडगावकर यांस वीरुपाक्षचा नमस्कार.

वा! दोन वर्षांत इतका नेमका सवाल मला कूनी केला न्हाई. नियमामुळंच वाचलात. तुमी दोन्हीबी खेपेला माझ्या नाकासमोर होता. माझा हात कसा शिवशिवला ते माझं मला ठाऊक.

आता ध्यानात ठेवा. नवा माणूस सरळ जातो, कारण त्याला वाटतं पळालो म्हणजे वाचलो. सरळ जाणाऱ्याला पाडायला काय अक्कल लागत न्हाई. तिसऱ्या चौकटीला वळायचंच, गरज असो नसो. अन् समोरचा कुठं हाय ते बगत बसू नका, पुढल्या कार्डाला तो कुठं असंल ते बगा. चार कार्डं कूनी मारनार न्हाई म्हणून कोपऱ्यात दडाल तर पाचव्याला नक्की मराल. मधोमध या. फुकटात शिकायचे तेवढेच दोन महिने हायत.

तुमचं अक्षर लय सुरेख हाय. आमच्या पोराला दाखवलं. म्हणलं, बघ, असं काढत जा.

अन् हे बगा, जिंतुराला कधी आलात तर दुसरीकडं उतरायचं न्हाई. कापडवाले वीरुपाक्षअप्पा कुठं राहतेत म्हणून कूनालाबी विचारा. माझं घर ते तुमचं घर. नागुबाईच्या हातची पुरनपोळी खाल्ल्याबिगर सोडनार न्हाई.

तुमचा
वीरुपाक्ष


पेडगाव
ता. ९ जुलै १९७८

आदरणीय अप्पा यांना सप्रेम नमस्कार.

नकाशा आपल्यालाही मिळाला असेल. सहाव्या कार्डाला मी दिनकररावांना पाडले! कल्याणअप्पांनी शेजारी लाल पेन्सिलीने "शाब्बास पेडगावकर" लिहिले आहे. मी तो कागद रुळावर कामाला नेला होता आणि जेवणाच्या सुटीत चार वेळा पाहिला. ते कुठे येतील ते आधी ताडले, आपण सांगितले तसे. दिनकरराव रागावले तर नाहीत ना? ते मोठी असामी आहेत असे आपण लिहिले होते.

हा खेळ मी आता सोडणार नाही. माझ्या सोबतीच्या दोन गँगमननाही शिकायचे आहे. आधी मी नीट शिकतो, मग त्यांना शिकवतो.

जिंतूरजवळ माझी बहीण दिली आहे. तिचे बाळंतपण आहे, आई तिकडे गेली आहे. महिनाअखेर आईला आणायला येईन तेव्हा आपले दर्शन घेईन म्हणतो.

आपला
बन्सीधर


जिंतूर
ता. १६ जुलै १९७८

प्रिय दोस्त बन्सीधर यास,

रागावले? अरे, दिनकरराव दोन दिवस जेवले न्हाईत! मंग तिसऱ्या दिवशी स्वतःच म्हणले, "अप्पा, हा पेडगावकर कोनबी असो, गडी लय तयारीचा हाय. आला तर मला भेटव, पाठ थोपटतो." मी छाती फुगवून म्हणलं, शागीर्द कूनाचा हाय!

आता आडनावाबरोबर घराण्याचंबी कळू द्या कधीतरी. नक्की या. वाट बगतो. आईलाबी आना.

तुमचा
वीरुपाक्ष


पेडगाव
ता. २० ऑगस्ट १९७८

आदरणीय वीरुपाक्षअप्पा यांना नमस्कार.

पत्रास उशीर झाला. मागच्या महिन्याच्या शेवटी आईला घेऊन जिंतुराला आपल्या दुकानी आलो होतो. आपण परळीला गेल्याचे कळले. भेट झाली नाही. प्रवास सुखाचा झाला असेल अशी आशा आहे.

कळावे.

बन्सीधर


जिंतूर
ता. २६ ऑगस्ट १९७८

रा. बन्सीधर यांस नमस्कार.

तुमी येऊन गेलात अन् मी न्हवतो, लय वाईट वाटलं. परळीला वैजनाथाच्या दर्शनाला गेलो होतो. गर्दी फार. येताना एसटीत जागा मिळंना, उभ्यानं आलो. नौकरानं कूनी आल्याचं सांगितलंबी न्हाई, आताच्या नौकरायचं काय सांगावं! असो, योग न्हवता.

डाव चालू ठेवा. दहाव्या कार्डाला डावीकडं सांभाळा.

वीरुपाक्ष


पूर्णा
ता. २४ सप्टेंबर १९७८

चि. वीरूस आशीर्वाद.

बन्सीधरची तीन कार्डं आली नाहीत. त्याचं विमान मी जागच्या जागी धरून ठेवलंय, पडलं असं लिहायला हात होत नाही. पोस्टात गहाळ झालं म्हणावं तर तीनही कार्डं कशी गहाळ होतील? तुझी त्याची पत्रं चालू आहेत ना? काय झालं? त्याला काही बोललास का? दिवस वाईट गेले हे मी जाणतो. इथं शेडमध्येसुद्धा विद्यापीठाच्या नामांतरावरून माणसं एकमेकांचा डबा खाईनाशी झाली. पण हा गडी मला घालवायचा नाही. लगेच उत्तर पाठव.

कल्याणदादा


जिंतूर
ता. १ ऑक्टोबर १९७८

ती. कल्याणदादास शरणार्थ.

मला काय ठाऊक? नवे असेच असतेत. चार दिवस खेळतेत अन् बंद करतेत. मी माझ्याकडून काय कमी केलं न्हाई, तीन-तीन पानं पत्रं लिहिली. कामाचा मानूस, गँगमन, झेपलं नसंल. आता त्याच्या पायी खेळ कशाला बंद करता? दुसरा बगू. दिनकररावाचा भाचा खेळतो म्हणतोय, घरंदाज पोरगा हाय.

सध्या दुकानात सणाची गडबड हाय. जास्त लिहीत न्हाई.

वीरुपाक्ष


पूर्णा
ता. १५ ऑक्टोबर १९७८

वीरू,

मी पेडगावला जाऊन आलो. पॅसेंजरनं गेलो, दुपारी बन्सीधरच्या घरी पोचलो. त्यानं खाट टाकली, चहा केला, सगळं विचारलं, खेळाचं सोडून. मी विचारलं तर म्हणाला, "अप्पा, कामामुळं जमंना." तुझं नाव निघालं तर उठून बाहेर गेला.

त्याची आई दगडाबाई बाजूला पडून होती. ती म्हणाली, "जिंतुराहून बोरीपतूर पायी आलो दादा. एस्ट्या बंद होत्या. पावसात. मंग एका ट्रकवाल्यानं घेतलं. तवापासून हा ताप." एवढंच म्हणाली. बोरी सहा-सात कोस लांब आहे, ते तुला सांगायला नको. त्या माउलीचं वय पासष्टच्या पुढं आहे. जिंतुरात तुझं चार खोल्यांचं घर असताना ती पायी का निघाली, हे मला कळेना.

आता माझी चूक सांगतो. त्याचं आडनाव वाव्हळे. पेडगावकर हे मी केलं. त्यानं पहिल्या कार्डावर पूर्ण नाव लिहिलं होतं. मी नकाशावर उतरवताना थांबलो. म्हटलं, दिनकरराव आहेत, मानवतचे शेठ आहेत, नाव वाचून हे याच्याशी खेळतील का? नव्याला टिकवायचा म्हणून मी त्याच्या बापाचं नाव खोडलं! आणि तू विचारलंस तेव्हा उत्तरच दिलं नाही. मला वाटत होतं मी त्याची सोय करतोय. त्याच्या खाटेवर बसून त्यानं केलेला चहा पिताना माझी मान वर होत नव्हती.

मी माझं सांगितलं. आता तू गळ्यातल्या लिंगाला हात लाव आणि लिही. बसवण्णांचं नाव घेणारी माणसं आपण. काय झालं त्या दिवशी?

कल्याण


जिंतूर
ता. २२ ऑक्टोबर १९७८

ती. दादास,

पाकिटात घालून पाठवतोय. कार्ड आमचा पोस्टमन वाचतो, अन् हे कूनी वाचलेलं मला सहन व्हनार न्हाई. लिंग हातात धरूनच लिहायलोय.

मी परळीला गेलोच न्हवतो.

एसट्या बंद पडून दोन दिवस झाले होते. बाजार अर्धा बंद. माझ्या दुकानाच्या दाराचं एक फळकूट उघडं होतं. गादीवर दिनकरराव अन् आनखी तिघं, बोलनं दुसरं कुठलं असनार? नामांतराचंच. मी गळ्यात टेप घालून बसलेला. तेवढ्यात पायरीपाशी एक तरना मानूस आला. सदरा भिजलेला, संगं म्हातारी. म्हणला, "कापडवाले वीरुपाक्षअप्पांचं दुकान हेच का? मी बन्सीधर."

दादा, मला काय आनंद झाला म्हणून सांगू! मी उठायलोच होतो. तेवढ्यात दिनकरराव म्हणले, "बन्सीधर कोन? आडनाव सांग." तो एकदा आईकडं बघितला अन् म्हणला, "वाव्हळे."

मी अर्धा उठलेला तसाच खाली बसलो.

तो म्हणला, अप्पांनी बोलवलं होतं, एसटी सुरू व्हईपतूर आईला टेकायला जागा पायजे. दिनकरराव म्हणले, "ऐका! वाव्हळ्याला अप्पाच्या घरी मुक्काम पायजे. आदी विद्यापीठाचं नाव, मंग घराचं!" सगळे हसले. मीबी हसलो. कूनी सांगितलं न्हवतं मला हसायला. मंग तो माझ्याकडं बघून म्हणला, "अप्पा हायत का?" अन् मी म्हणलं, "न्हाईत. परळीला गेलेत."

म्हातारीनं पानी मागितलं. मी नौकराकडं, सटवाजीकडं बघितलं. त्यानं वरून ओंजळीत ओतलं. मी टेपची घडी घालत बसलो.

ते गेले. मंग त्याचं पत्र आलं, मी परळीला गेल्याचं कळलं म्हणून. मला वाटलं सुटलो! त्यानं वळखलं न्हाई. त्याच्यावर मी आनखी लिहिलं, गर्दी होती, उभ्यानं आलो. देवाच्या नावानं लिहिलं. मंग तुमाला लिहिलं की नवे असेच असतेत. दादा, एकदा खोटं बोलनारा मानूस वेगळा, मी तर तीन महिने बोलायलोय.

मला भीती वाटली हे खरं. त्या दिवसांत गावात काय हवा होती ते तुमाला ठाऊक हाय. पण भीती न्हवती तवाबी मी बोललो असतो का, ते मला सांगता येईना. हे सगळ्यात वाईट हाय. मी काय करू ते सांगा.

वीरू


पूर्णा
ता. २७ ऑक्टोबर १९७८

वीरू,

मला विचारू नकोस. हेच पत्र त्याला लिही. "भीती वाटली" हे पहिलं लिहू नकोस, शेवटी लिही.

नकाशावर वाव्हळे लिहून मी आजच सगळ्यांना पाठवलं. खाली लिहिलं की आधी चुकीचं नाव लिहिलं, ते मी मुद्दाम लिहिलं होतं.

कल्याण


जिंतूर
ता. २ नोव्हेंबर १९७८

श्री. बन्सीधर वाव्हळे यांस,

त्या दिवशी मी दुकानात होतो. टेप गळ्यात घालून बसलेला मानूस, "अप्पा परळीला गेलेत" म्हणनारा, तो मीच. तुमची आई पायरीवर उभी असताना मी हसलो. पानी वरून ओतू दिलं. घरात चार खोल्या हायत. मंग तुमचं पत्र आल्यावर आनखी खोटं लिहिलं.

दादाकडून कळलं की तुमी बोरीपतूर पायी गेलात. ते कळल्यापासून मी जेवायला बसलो की नागुबाई इचारते काय झालं, अन् मला सांगता येत न्हाई.

माफ करा असं लिहायला घेतलं होतं. पन ते मागायचं तोंड मला न्हाई, म्हणून खोडलं. मला भीती वाटली होती.

आईचा ताप उतरला का?

वीरुपाक्ष


पेडगाव
ता. १९ नोव्हेंबर १९७८

वीरुपाक्षअप्पा,

पत्र मिळालं. आईला वाचून दाखवलं. ती आता उठून बसते.

तुम्हाला वाटलं मी ओळखलं नाही. आम्ही पायरी उतरलो आणि मागून तुमचा नोकर म्हणाला, "अप्पा, बाईंनी च्या धाडलाय." तुम्ही हात पुढं केला. आईनं पण पाहिलं. आणि एसट्या बंद होत्या म्हणून तर आम्ही जिंतुरात अडकलो होतो, बहिणीच्या गावचा ओढाही चढला होता. तुम्ही परळीहून एसटीत उभ्यानं आलात असं लिहिलं, ते वाचून मी पहिल्यांदा हसलो. मग फार राग आला. ऑगस्टात मी ते पत्र मुद्दाम तसं लिहिलं होतं. म्हटलं, या माणसाला खरं सांगायला एक जागा ठेवू. तुम्ही त्या जागेवर परळी आणून बसवली.

माझंही एक सांगतो. कल्याणअप्पांनी पेडगावकर लिहिलं ते मी एप्रिलातच पाहिलं होतं. मी गप्प बसलो, कारण मला खेळायचं होतं. तुम्ही घराणं विचारत होता तेव्हाही गप्प बसलो. याची लाज माझी मला आहे. गादीवर आडनाव विचारलं तेव्हा पेडगावकर म्हटलं असतं तर आईला त्या दिवशी तुमच्या घरात खाट मिळाली असती. पण आई शेजारी होती. तिच्यासमोर बापाचं नाव लपवायला जीभ वळली नाही.

तुम्ही मला लिहिलंत. पण मला तर सगळं ठाऊक होतं. ज्यांच्यासमोर झालं त्यांना सांगा. त्या चौघांना सांगा की त्या दिवशी आलेला माणूस तुम्ही बोलावलेला होता, आणि दिनकररावांना पाडणारा पेडगावकर तोच. ते काय म्हणाले आणि तुम्ही काय म्हणालात ते मला जसंच्या तसं लिहा. त्यात परळी नको.

ते पत्र येईपर्यंत माझं कार्ड जाणार नाही.

बन्सीधर वाव्हळे


जिंतूर
ता. ८ डिसेंबर १९७८

श्री. बन्सीधर वाव्हळे यांस,

जसंच्या तसं लिहितो.

पंधरा दिवस मी टाळलं. रोज ठरवायचो अन् रोज कापडच दाखवत बसायचो. शेवटी नागुबाईलाच आदी सांगितलं. ती म्हणली, "मला ठाऊक हाय. मी आतल्या दारात उभी होते. मीच च्या धाडला. मीबी भाईर आले न्हाई."

काल दुपारी चौघं बसलेले होते. पडल्यापासून दिनकरराव नकाशा बगत न्हवते, तवा माझा उचलला अन् त्यावर वाव्हळे बघून म्हणले, हे काय नवीन? मी म्हणलं, "नवीन न्हाई. पेडगावकर म्हणजे तेच. अन् आखाडात आईला घेऊन पायरीवर आले होते, तेबी तेच. मीच बोलवलं होतं. पत्रं लिहून बोलवलं होतं. अन् मी घरात असून न्हाई म्हणलो."

एकजन उठून गेला. दुसऱ्यानं इषय बदलला. दिनकरराव नकाशा खाली ठेवले अन् म्हणले, "म्हणजे त्यानं मला पाडलं?" मी म्हणलं, हो. ते म्हणले, "तुला आदी ठाऊक होतं?" मी म्हणलं, पायरीवर कळलं, अन् मी हसलो. मंग त्यांनी इचारलं, "तो तुझा कोन लागतो रे, अप्पा?"

तुमाला मी जुलैच्या पत्रात दोस्त लिहिलं होतं. तो शब्द तोंडापतूर आला होता. चौघायची तोंडं बघितली अन् मी म्हणलं, "वळखीचा हाय. पत्रातला."

तुमी जसंच्या तसं लिहा म्हणलात म्हणून लिहिलं. हे गाळून टाकायचं लय मनात आलं. दिनकरराव आज आले न्हाईत. दादाला त्यांनी खेळातून माझं नाव काढा म्हणून कळवलंय असं ऐकतो.

वीरुपाक्ष


पेडगाव
ता. १४ डिसेंबर १९७८

वीरुपाक्षअप्पा यांस, जय भीम.

पत्र मिळालं. माझं कार्ड आजच कल्याणअप्पांकडं टाकलं. सोबत माझ्या गँगमधल्या दोघांचीही टाकली, पूर्ण नावानं. त्यांना मीच शिकवणार, तुम्ही नको. त्यांची पहिली चार कार्डं सोडा. माझं सोडू नका.

तुम्ही ओळखीचा म्हणालात ते बरोबर आहे. दोस्त म्हणालो असं लिहिलं असतंत, तर मी कार्ड टाकलं नसतं.

बन्सीधर वाव्हळे